पृष्ठभागाची कैफियत

सांगली जिल्ह्यातील विटा, आटपाडी, तासगाव आणि सातारा जिल्ह्यातील माण, खटाव या अवर्षणाच्या मुलखातून पोटापाण्यासाठी बाहेर पडलेली कुटुंबे आज हिंदुस्थानातील कितीतरी सराफकट्ट्यांच्या आसपास स्थायिक झालेली आढळतात, आणि त्यांचा व्यवसाय कोणता असे विचारल्यास ‘गलाई’ हे एकच उत्तर मिळते. सराफाच्या दुकानातील झाडलोटीचा केर, मोडीत आलेले जुने दागिने, सांधे जुळवताना मिसळलेला हिणकस धातू, हे सारे मुशीत घालून वितळवावे. सोन्याचा हिस्सा सुमारे चौथाई राहील इतकी चांदी त्यात मिसळावी. त्या मिश्रणाचा पातळ पत्रा नायट्रिक आम्लात, म्हणजे जुन्या भाषेतील तेजाबात, उकळावा. चांदी आणि तांबे द्रावणात उतरून गेल्यावर तळाशी राहिलेली तपकिरी भुकटी पुन्हा आटवावी आणि मग तिचा टंच पाहावा, अशी ही सर्वसाधारण रीत आहे. धातूच्या पोटातला मळ शोधून काढण्याची ही विद्या शाळा-महाविद्यालयांत न शिकता पिढीजात हस्तांतरित झाली, आणि पाऊस नसलेल्या प्रदेशाला तिने अन्न पुरवले, ही गोष्ट आपल्या औद्योगिक इतिहासकारांनी जितकी नोंदवावयास हवी होती तितकी नोंदवलेली नाही.

प्रस्तुत प्रकरणाचा विषय मात्र असा आहे की, धातूच्या पोटातील मळ नाहीसा करून भागत नाही. पुंज-संगणकाच्या अतिसंवाहक क्यूबिटसाठी लागणारा निओबियम किंवा टँटलम धातू बाजारात हवा तेवढा शुद्ध मिळू शकतो. परंतु तो हवेच्या संपर्कात आला की काही क्षणांतच त्याच्या अंगावर ऑक्साइडचा जो अवघा दोन ते पाच नॅनोमीटर जाडीचा थर धरतो, त्या थरापुढे आतल्या शुद्धतेची सारी मिजास व्यर्थ ठरते. गेल्या वीस वर्षांत या क्षेत्रात जी प्रगती झाली तिचा फार मोठा वाटा या थराशी चाललेल्या झगड्याचा आहे, आणि या झगड्यात धातूचे शोधन करणारा रसायनशास्त्रज्ञ पुंजभौतिकीच्या सिद्धांत्याइतकाच मानाचा ठरला आहे.

क्यूबिट म्हणजे काय याची चर्चा मागे येऊन गेली असल्याने येथे कामापुरतीच उजळणी करू. नीलमणी अथवा सिलिकॉन यांच्या स्फटिकी पाटीवर अतिसंवाहक धातूचे दोन लहान पत्रे बसवतात, त्यांना जोसेफसन संधी नावाच्या अतिसूक्ष्म दुव्याने जोडतात, आणि ही सारी रचना निरपेक्ष शून्याच्या वर एका अंशाच्या शंभराव्या-पन्नासाव्या भागाइतक्या तापमानाला नेऊन ठेवतात. या मंडलात सेकंदाला सुमारे 500 कोटी वेळा होणारे विद्युत्-आंदोलन चालते. पण ते आंदोलन निर्जीव अवस्थेत असणे आणि ऊर्जेचा एकच पुंज घेऊन चालू असणे, या दोन स्थितींवर आणि त्यांच्या मिश्रणांवरच सगळे गणित उभे असते. तो एक पुंज जितका काळ टिकेल तितकाच काळ गणिताला हाताशी आहे. मिरजेच्या कारागिराने केलेल्या तंबोऱ्याची तार एकदा छेडल्यावर तिचा नाद किती वेळ रेंगाळतो यावरून जसा वाद्याचा दर्जा कळतो, तसा या पुंजाच्या आयुष्यावरून क्यूबिटचा दर्जा ठरतो. फरक एवढाच की येथे नाद मुळातच एका कणाएवढा आहे, तो अर्धा विरत नाही, गेला तर सगळाच जातो. 1999 मध्ये जपानच्या एनईसी कंपनीच्या प्रयोगशाळेत नाकामुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिला अतिसंवाहक क्यूबिट चालवून दाखवला तेव्हा त्याची पुंज-स्थिती काही नॅनोसेकंदांपलीकडे टिकत नव्हती. 2007 मध्ये येल विद्यापीठात ट्रान्समॉन ही सुधारित रचना पुढे आली. आणि आज तेच आयुष्य मिलिसेकंदाच्या घरात गेलेले आहे. पाव शतकात जवळपास लाखपट वाढ.

येथे वाचकाला एक शंका स्वाभाविकपणे येईल. अतिसंवाहकाचा विरोध शून्य असतो हे 1911 मध्ये कामरलिंग ऑनेस यांनी पाऱ्याच्या बाबतीत दाखवून दिले. मग ज्या मंडलात विरोधच नाही तेथे ऊर्जा जाते कोठे? याचे समाधान असे की, विरोधशून्यता हा धातूचा गुण आहे, धातूच्या शेजाऱ्यांचा नव्हे. दोन पत्र्यांमधील विद्युत्-क्षेत्र धातूत शिरत नाही, ते भोवतालच्या निरोधकांत पसरते, आणि त्या निरोधकांपैकी कोणी ऊर्जा गिळणारा निघाला तर धातूच्या अतिसंवाहकतेचा काही उपयोग होत नाही. 2005 मध्ये जॉन मार्टिनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रथम ठासून मांडले. त्या वेळच्या क्यूबिटमध्ये तारांच्या दोन थरांमध्ये सिलिकॉन डायऑक्साइडचा निरोधक सर्रास वापरीत. तो बदलून कमी ऊर्जा गिळणारा निरोधक घालताच क्षयाचा वेग वीसपटीने उतरला. याच मार्टिनिस यांना जॉन क्लार्क आणि मिशेल डेव्होरे यांच्यासमवेत 2025 चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. ते मात्र या निरोधकाच्या शोधाबद्दल नसून, विद्युत्-मंडलासारखी हाताळता येण्याजोगी वस्तूही पुंजनियमांनी वागते हे 1984-85 च्या सुमारास बर्कलीत दाखवून दिल्याबद्दल आहे.

सिलिकॉन डायऑक्साइड म्हणजे आपल्या रोजच्या काचेचा मुख्य घटक, आणि काच म्हटली की सातारा जिल्ह्याला ओगलेवाडीची आठवण व्हावी हे योग्यच आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात ओगले बंधूंनी कऱ्हाडजवळ काढलेल्या कारखान्यातील ‘प्रभाकर’ कंदिलाने महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांच्या रात्री उजळल्या. त्या कंदिलाच्या काचेत अणूंची मांडणी स्फटिकासारखी शिस्तबद्ध नसते. द्रवातील गोंधळ जसाच्या तसा थिजून राहिलेला असतो. अशा गोंधळात काही अणू किंवा अणूंचे लहान समूह असे अडकून पडतात की त्यांना बसावयास जवळजवळ सारख्याच दोन जागा असतात, आणि पुंजनियमांच्या सवलतीने ते एका जागेतून दुसरीत निसटू शकतात. 1971 मध्ये झेलर आणि पोल यांनी अतिथंड काचेची उष्णताधारकता अपेक्षेहून फार अधिक असल्याचे मोजले, आणि पुढच्याच वर्षी फिलिप अँडरसन, बर्ट्रांड हॅल्पेरिन व हिंदुस्थानातून अमेरिकेस गेलेले चंद्र वर्मा यांनी, तसेच त्यांच्यापासून स्वतंत्रपणे डब्ल्यू. ए. फिलिप्स यांनी, तिचे कारण या दुजागी अणूंत शोधले. पन्नास वर्षांपूर्वी काचेच्या एका विक्षिप्त गुणाची उकल करण्यासाठी जी कल्पना निघाली तीच आज पुंज-संगणकाच्या प्रयोगशाळांत दररोज उच्चारली जाते, याचे कारण धातूवरचा ऑक्साइडचा थरही असाच अस्फटिकी, म्हणजे स्वभावाने काचच असतो. अॅल्युमिनियम असो, निओबियम असो, उघडा सिलिकॉन असो, हवा लागली की प्रत्येक जण आपल्या अंगावर काचेची एक पातळ झूल पांघरून घेतो.

या दुजागी अणूंचा एक गुण असा आहे की तो प्रथमदर्शनी कोणालाही खोटा वाटावा. थंडी वाढवली की विद्युत्-हानी कमी व्हावी असा आपला सामान्य समज. येथे नेमके उलट घडते. तापमान जरा जास्त असेल तर निम्म्याच्या आसपास दुजागी अणू आधीच वरच्या स्थितीत गेलेले असतात, आणि वरचे जितकी ऊर्जा सोडतात तितकीच खालचे घेतात, म्हणून निव्वळ हानी कमी दिसते. शीतयंत्राच्या तळाशी मात्र ते सर्वच्या सर्व खालच्या स्थितीत, म्हणजे उपाशी बसलेले असतात. मंडलात भरपूर शक्ती सोडली तरी ते तृप्त होऊन गप्प बसतात. पण क्यूबिटजवळ देण्यासारखा असतो एकच पुंज, आणि तो घेण्यास टपलेले असतात असंख्य. म्हणूनच जो पृष्ठभाग खोलीच्या तापमानाला किंवा जास्त शक्तीच्या चाचणीत निर्दोष दिसतो तो प्रत्यक्ष कामाच्या वेळी दगा देतो, आणि ही गोष्ट ध्यानात न घेता घेतलेली मोजमापे निरुपयोगी ठरतात. शिवाय हे अणू एका जागी स्वस्थ राहत नाहीत. त्यांची कंपनसंख्या तासागणिक सरकते, आणि सकाळी उत्तम ठरलेला क्यूबिट संध्याकाळी, त्यात कोणी काही बदल केलेला नसताना, निकृष्ट ठरू शकतो.

आता ऊर्जेचा हिशेब थोडा आकड्यांत मांडू, कारण त्यावाचून पुढील उपायांचे मर्म कळणार नाही. ऑक्साइडचा थर इतका पातळ आहे की मंडलाच्या एकूण विद्युत्-ऊर्जेचा स्थूलमानाने दहाहजारावा हिस्साच त्यात सामावतो. उरलेला बहुतांश स्फटिकात व निर्वातात असतो आणि तेथे हानी नगण्य असते. पण जो हिस्सा थरात आहे त्यातला सुमारे हजारावा भाग आंदोलनाच्या दर सहाव्या अंशात गिळला जातो. दोहोंचा गुणाकार केला की एक कोटीत एक असे हानीचे प्रमाण निघते, आणि सेकंदाला 500 कोटी आंदोलने करणाऱ्या मंडलाला या दराने सुमारे 300 मायक्रोसेकंदांचे आयुष्य लाभते. या गुणाकारातच उपायांच्या दोन वाटा दडलेल्या आहेत: एक तर थरात सापडणाऱ्या ऊर्जेचा हिस्सा कमी करावा, नाहीतर थराची गिळण्याची शक्ती कमी करावी.

पहिली वाट भूमितीची. पत्रे मोठे करावेत, त्यांच्यातले अंतर वाढवावे, म्हणजे क्षेत्र कडांशी दाटण्याऐवजी विस्तारते आणि थराच्या वाट्याला त्याचा कमी भाग येतो. 2011 मध्ये येलच्या शास्त्रज्ञांनी क्यूबिट एका धातूच्या पोकळीत टांगून ही युक्ती परमावधीला नेली, आणि आयुष्य एकदम दसपटीने वाढवून दाखवले. परंतु या वाटेला मर्यादा आहे. एका चकतीवर शेकडो क्यूबिट बसवावयाचे तर प्रत्येकाला ऐसपैस जागीर देता येत नाही, आणि मोठे पत्रे एकमेकांच्या कारभारात नको तितकी ढवळाढवळ करू लागतात. म्हणून शेवटी सर्वांना दुसऱ्या, म्हणजे रसायनाच्या, वाटेला यावे लागले.

निओबियम हा या क्षेत्राचा जुना आणि लाडका धातू. त्याची अतिसंवाहकता 9 केल्विनच्याही वर टिकते, त्याचे पातळ थर सहज बसतात, आणि कणांना गती देणाऱ्या प्रवेगकांच्या पोकळ्या त्याच्याच घडवतात. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राने अशा पोकळ्या घडवण्यात अमेरिकेतील फर्मिलॅबशी सहकार्य केले आहे. पण याचे ऑक्साइड एकजात नाही. वर पेंटॉक्साइडचा जाडसर थर, खाली डायऑक्साइड, त्याखाली मोनॉक्साइड, आणि धातूच्या आत शिरलेला हायड्रोजन, असा हा गुंतागुंतीचा मामला. 2020 मध्ये फर्मिलॅबच्या अलेक्झांडर रोमानेन्को यांच्या गटाने निओबियमची पोकळी निर्वातातच तापवून तिच्यावरील ऑक्साइडमधील प्राणवायू धातूत विरवला, आणि तिला पुन्हा हवा न दाखवता थंड केले, तेव्हा तिच्यातील ऊर्जापुंज तब्बल 2 सेकंदांपर्यंत टिकला. गुन्हेगार कोण याची यापेक्षा स्वच्छ साक्ष मिळणे अवघड होते. मात्र क्यूबिटच्या चकतीला अशी हवाबंद राहणी परवडत नाही. ती घडवताना, जोडताना, यंत्रात बसवताना हवेतून जावेच लागते.

याच सुमारास प्रिन्स्टन विद्यापीठात अँड्र्यू हाउक, नॅथली डी लिऑन आणि रॉबर्ट कावा यांच्या गटांनी टँटलम हाती घेतला, आणि 2021 मध्ये 300 मायक्रोसेकंदांपेक्षा अधिक आयुष्याचे क्यूबिट प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी चीनमधील एका गटाने हा आकडा 500 च्या पलीकडे नेला. टँटलमची अतिसंवाहकता निओबियमच्या निम्म्याहूनही कमी, 4.4 केल्विनपर्यंतच, म्हणजे त्या कसोटीवर तो दुय्यमच ठरावा. त्याचे बळ दुसरीकडे आहे. सोन्याला विरघळवणाऱ्या अम्लराजाचे, ज्याच्याशी गलाई कारागिराचा नित्याचा संबंध, टँटलमपुढे काही चालत नाही. आणि चालत नाही ते त्याच्या अंगावरील ऑक्साइडच्या घट्ट, एकसंध, पातळ कवचामुळेच. म्हणजे ज्या थराला आपण आतापर्यंत वैरी म्हणत आलो तोच येथे चाकरीला लावला गेला. कवच इतके चिवट असल्यामुळे गंधकाम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्या भयंकर मिश्रणात चकती बुचकळून तिच्यावरील सेंद्रिय घाण, छपाईच्या लेपाचे अवशेष, कर्बाचे कण, सारे जाळून टाकता येते, आणि धातूला ओरखडाही पडत नाही. अॅल्युमिनियमचा पत्रा त्या मिश्रणात टिकला नसता. काच खाणाऱ्या हायड्रोफ्लुओरिक आम्लाच्या सौम्य द्रावणाने तर टँटलमचे हे कवच आणखी पातळही करता येते, आणि तसे केल्यावर हानी आणखी उतरते. माझ्या मते या शोधाचे खरे महत्त्व 300 या आकड्यात नाही. पृष्ठभाग हा नशिबाचा भाग नसून निवडीचा भाग आहे, ही जाणीव त्याने रूढ केली, यात आहे.

निओबियमवाल्यांनीही हार मानली नाही. फर्मिलॅबमधील संशोधन-केंद्राने 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत निओबियमचा थर बसवल्याबरोबर, हवा लागण्यापूर्वीच, त्यावर दुसऱ्या एखाद्या पदार्थाचा काही नॅनोमीटरांचा मुलामा चढवला, जेणेकरून निओबियमचे स्वतःचे ऑक्साइड बनूच नये. मुलाम्यासाठी निवडलेल्या पदार्थांत टँटलम, अॅल्युमिनियम आणि टायटॅनियम नायट्राइड यांच्या जोडीला चक्क सोने होते. सोने स्वतः अतिसंवाहक नाही. चांदी आणि तांबेही नाहीत. विजेचे जे सर्वोत्तम वाहक म्हणून आपण जाणतो ते तिघेही कितीही थंड केले तरी अतिसंवाहकतेच्या पंक्तीला आलेले आढळलेले नाहीत, हा निसर्गाचा एक चमत्कारिक न्याय आहे. परंतु सोन्याचा थर पुरेसा पातळ असेल तर खालच्या निओबियमच्या सान्निध्याने तो अतिसंवाहकता उसनी घेतो, आणि त्याला गंज चढत नाही हे तर जगजाहीर. मुलामा दिलेल्या क्यूबिटचे आयुष्य उघड्या निओबियमच्या तुलनेत दोन ते पाच पटींनी वाढले. सर्वांत सरस ठरला टँटलमचा मुलामा, त्याच्या क्यूबिटचे मध्यम आयुष्य 300 मायक्रोसेकंदांच्या वर आणि कमाल 600 पर्यंत गेले. विट्याच्या कारागिराने मुशीतून काढलेले सोने पूर्वापार ठेव आणि अलंकार म्हणून तिजोरीत जाऊन बसते. त्याचा चार-दोन नॅनोमीटरांचा पापुद्रा पुंजगणिताच्या कामी यावा, हा त्या धातूच्या दीर्घ चरित्रातील अगदी नवा अध्याय आहे.

पृष्ठभाग सुधारला की दुसराच कोणीतरी उघडा पडतो. 2023 मध्ये प्रिन्स्टनच्याच गटाने टँटलमच्या मंडलांतील हानीचा तपशीलवार जमाखर्च मांडला, तेव्हा असे दिसले की पृष्ठभागाइतकाच वाटा आता नीलमण्याच्या पोटाचा आहे. मग त्यांनी पाटीच बदलली, उच्च विरोधाचा शुद्ध सिलिकॉन घेतला, आणि 2025 मध्ये एक मिलिसेकंदाहून अधिक आयुष्य असलेले सपाट चकतीवरचे क्यूबिट जाहीर केले.

आपल्याकडे या विद्येचे माहेरघर मुंबईच्या कुलाब्यातील टाटा मूलभूत संशोधन संस्था हे आहे. तेथील अतिसंवाहक मंडलांच्या प्रयोगशाळेचे प्रमुख राजमणी विजयराघवन यांनी येलला डेव्होरे यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट केली, म्हणजे नोबेलविजेत्याची परंपरा कुलाब्याला सरळ पोचली आहे. ऑगस्ट 2024 मध्ये या संस्थेने घडवलेल्या 6 क्यूबिटच्या प्रक्रियकाची संपूर्ण चाचणी पार पडल्याचे जाहीर झाले; नियंत्रण-मापनाची यंत्रणा पुण्यातील संरक्षण संशोधन संघटनेच्या तरुण शास्त्रज्ञ प्रयोगशाळेने उभारली होती आणि दूरस्थ वापराची सोय टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने केली होती. 19 एप्रिल 2023 रोजी मंजूर झालेल्या 6003.65 कोटी रुपयांच्या राष्ट्रीय पुंज-मोहिमेने आठ वर्षांत 50 ते 1000 क्यूबिटचे यंत्र हे उद्दिष्ट ठेवले आहे, आणि तिच्या चार केंद्रांपैकी एक खास पदार्थ व उपकरणे यांच्यासाठी दिल्लीच्या आयआयटीत स्थापिले आहे. ही तजवीज दूरदृष्टीची म्हणावी लागेल, कारण सहाचे साठ करताना संख्या वाढवणे हे सोपे काम असते. साठांपैकी एकाही क्यूबिटला पृष्ठभागाची बाधा होऊ न देणे, हे अवघड.

उरतो तो एक थर, जो काढून टाकता येत नाही. जोसेफसन संधी ही अॅल्युमिनियमच्या दोन पापुद्र्यांमध्ये मुद्दाम वाढवलेल्या, एक-दोन नॅनोमीटर जाडीच्या ऑक्साइडनेच बनलेली असते. तो थर नाहीसा केला तर क्यूबिटच नाहीसा होतो. त्याची जाडी एका अणूइतकी इकडेतिकडे झाली तरी क्यूबिटची कंपनसंख्या ढळते, आणि ती चकती शीतयंत्रात उतरवण्यापूर्वीच पारखण्यासाठी जगभरच्या प्रयोगशाळा ज्या सूत्राचा आधार घेतात त्याला आंबेगावकर–बॅराटॉफ सूत्र असे नाव आहे. कॉर्नेल विद्यापीठात आयुष्य वेचलेले विनय आंबेगावकर यांनी ॲलेक्सिस बॅराटॉफ यांच्यासह ते 1963 मध्ये मांडले. खोलीच्या तापमानाला संधीचा साधा विरोध मोजावा आणि त्यावरून अतिथंड अवस्थेत तिच्यातून विनाविरोध जाऊ शकणारा महत्तम प्रवाह काढावा, एवढीच त्या सूत्राची करामत. पण तिच्यामुळे हिणकस चकती शीतयंत्रात जाण्याचे वाचते आणि ते यंत्र थंड होण्यात जाणारे दिवस वाचतात. या संधीत दुजागी अणू नाहीत असे नाही. तिचे क्षेत्रफळ एका चौरस मायक्रॉनच्या लहानशा अंशाइतके ठेवतात, त्यामुळे क्यूबिटच्या नेमक्या कंपनसंख्येशी जुळणारा एखादा अणू तीत सापडण्याचा संभव थोडा असतो. जेव्हा सापडतो तेव्हा त्या क्यूबिटची कंपनसंख्या किंचित सरकवून वेळ मारून नेतात, आणि ज्या रचनेत तशी सरकवण्याची सोय ठेवलेली नाही, तिच्यातील तो क्यूबिट शीतयंत्र पुन्हा तापवून थंड करीपर्यंत हिशेबातून वगळतात.